डोरीनबाईंकडचं कार्व्हिंग

माझी फजिती ऐकायचीच असेल तर आधी चहा ओतून घ्या, कारण मधे उठलात तर धागा सुटेल. आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या. शेवटी माझी कीव येईल, असा माझा अंदाज आहे. अर्थात आजवर कुणाला आलेली नाही.

आम्ही नॉटिंगहॅमला राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आणि माझी बायको अनघा इथल्या हॉस्पिटलमध्ये हाडांची सर्जन. ती दिवसभर लोकांचे गुडघे आणि खुबे बदलते, मी दिवसभर खुर्चीत बसून स्वतःचे बिघडवतो. चाळिशी उलटल्यावर एक दिवस ती म्हणाली, "शिरीष, काहीतरी व्यायाम कर." तिच्या मनात चालणं होतं. मी स्नोबोर्डिंग सुरू केलं.

आता इंग्लंडात बर्फ कुठला, असं तुम्ही विचाराल. तर इथे मोठ्या गोदामासारख्या इमारतीत खोटा डोंगर करून त्यावर खरा बर्फ पसरतात. बाहेर जून असो की जानेवारी, आत कायम थंडी. तो बर्फ यंत्राने दाबून, विंचरून अगदी कॉरडरॉयच्या पँटसारखा करतात. त्यावरून बोर्ड न घसरवता, नुसता त्याच्या एका कडेवर तोलून वळणं घेत खाली यायचं. मागे बर्फात पेन्सिलीने काढल्यासारखी एक बारीक रेघ उमटते. याला म्हणतात कार्व्हिंग. व्हिडिओत एक माणूस असा आडवा होऊन, हाताने बर्फाला स्पर्श करत वळताना पाहिला आणि मी संपलो.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी पोहायला शिकण्याआधी चार प्रकारचे चष्मे घेतले होते. इथेही तेच. अरुंद, कडक असा खास कार्व्हिंगचा बोर्ड घेतला. त्याला साजेसे कडक प्लास्टिकचे बूट घेतले, जे घालून माणूस चंद्रावर उतरल्यासारखा चालतो. कडांना धार लावायची कानस, मेण लावायची इस्त्री, ढुंगणाला गादी शिवलेली चड्डी, सगळं आलं. टॉम नावाचा माझा शिक्षक आहे, पोरसवदा आहे पण सरळ बोलतो. त्याने ते सगळं बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. पण तुला अजून थांबता येत नाही."

तर डिसेंबरातली एक शनिवारची सकाळ. मी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बोर्डाच्या कडेला धार लावत बसलो होतो. खर्र खर्र आवाज चालला होता. कुंपणापलीकडून आमच्या शेजारीण डोरीनबाईंचा आवाज आला. डोरीनबाई ऐंशीला टेकलेल्या, एकट्या राहतात. त्यांचे यजमान केन आम्ही या घरात राहायला येण्याच्या थोडं आधीच वारले. बाई मायाळू आहेत. आमच्या कचऱ्याच्या डब्याचा दिवस आमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. कुंपण उंच असल्यामुळे त्यांना मी दिसत नव्हतो, नुसता आवाज जात होता. आणि सगळा घोटाळा इथेच झाला.

"काय चाललंय रे?" त्यांनी विचारलं.

"धार लावतोय."

"कशाला?"

"कार्व्हिंगसाठी."

मग एकदम वेगळ्याच आवाजात, "तू कार्व्हिंग करतोस?"

आपल्याकडे एखाद्याला 'अय्या, तुम्ही गाता?' असं विचारतात ना, तो सूर. इतक्या आदराने मला या देशात कुणी काही विचारलं नव्हतं. मी शेडमध्येच ताठ झालो.

"वर्षभर शिकतोय," मी म्हणालो. "दर शनिवारी जातो. टॉमकडे."

"शिकवणी लावलीस? आणि तो काय सांगतो?"

"तो म्हणतो, जोर लावायचा नाही. धारेला तिचं काम करू द्यायचं. आपण वजन हळूच एका बाजूला द्यायचं, म्हणजे एकसारखी बारीक रेघ येते. घाई केली की सगळं खरवडून निघतं."

डोरीनबाईंनी उसासा टाकला. "केन अगदी हेच म्हणायचा."

मी थक्क. केनना मी फोटोत पाहिलेलं. गोल, गुबगुबीत माणूस, पोटावर हात ठेवून हसणारा. हा माणूस बर्फावर आडवा होत असेल असं वाटलं नव्हतं. पण म्हटलं, तरुणपणी असेल.

"केन कार्व्हिंग करायचे?"

"दर ख्रिसमसला. लग्न झाल्यापासून एकही चुकला नाही. तो उभा राहिला की सगळे गप्प होऊन बघायचे. गेल्या वर्षी गॅरीने केलं. माझा जावई. माणूस चांगला आहे, पण त्याने नुसत्या चिंध्या केल्या. आणि इतकं ड्राय होतं की विचारू नकोस."

इथे मला थांबून सांगायला हवं. ज्यांच्या जवळपास बर्फाचं गोदाम नसतं, ते इथे 'ड्राय स्लोप'वर सराव करतात. म्हणजे उतारावर प्लास्टिकच्या ब्रशसारखी चटई अंथरलेली असते. तिच्यावर पडलं की सालटी निघतात. तेव्हा डोरीनबाई 'ड्राय' म्हणाल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती चटई आली.

"ड्राय फार वाईट," मी कळवळून म्हणालो. "मी एकदाच केलं. नंतर आठवडाभर बसता येत नव्हतं."

"अरे देवा," डोरीनबाई म्हणाल्या. "पोट नाजूक दिसतंय तुझं."

याचा अर्थ मला लागला नाही. पण इंग्रजांची अर्धी वाक्यं मला लागत नाहीत, त्यामुळे मी सोडून दिलं.

मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं, तुमच्याकडे हे चालत नाही."

"आमच्याकडे फारसं कुणी करत नाही," मी कबूल केलं. "आईला तर अजून सांगितलेलंच नाही. तिला कळलं तर ती नाशिकला रात्र-रात्र जागेल."

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही," डोरीनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणि अनघा?"

"ती म्हणते, तुला करायचं ते कर. मला मात्र हात लावायला सांगू नकोस."

मग बाईंनी घसा साफ केला. "ऐक. या वर्षी आमच्यासाठी तू करशील का? मुलगी, जावई, नातवंडं सगळी येणार आहेत. केनची जागा तशीच राहिलीय. या वर्षी ड्राय नसेल, शब्द देते तुला. एक वाजता या दोघं. आधी तू कार्व्हिंग कर, मग आपण सगळे जेवू."

त्यांचा आवाज कापत होता. मला गलबलून आलं. एवढ्या मोठ्या कुटुंबात त्यांनी हा मान मला दिला होता.

"नक्की येतो. माझं सामान मी घेऊन येईन."

"केनचं आहे की घरात. जपून ठेवलंय मी."

"नको, मला माझंच लागतं."

"खरा करणारा असाच बोलतो," डोरीनबाई म्हणाल्या आणि नाक पुसत घरात गेल्या.

त्या दिवसापासून मी हवेत. रात्री त्या बर्फाच्या गोदामाची वेबसाइट उघडली, तर ख्रिसमसच्या दिवशी चक्क बंद. आता साधा माणूस इथे काय म्हणेल? आपल्या समजण्यात काहीतरी गोंधळ झालाय, असं म्हणेल. मी म्हटलं, बाईंनी अख्खा डोंगर कुटुंबासाठी खासगी बुक केलाय.

अनघाला सांगितलं. ती ड्यूटीवरून येऊन सोफ्यावर आडवी झाली होती. "डोरीनबाईंनी डोंगर बुक केला?" तिने एक डोळा उघडला. "त्यांना परवा कोबी महाग वाटत होता."

"केनच्या आठवणीसाठी आहे गं."

"बरं," ती म्हणाली आणि झोपली. तिला त्या दिवशी आणखी दोन प्रश्न विचारायची ताकद असती, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगत नसतो. ऑफिसात मात्र सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या टेबलवरच्या मुलीला तर मी असंही सांगितलं, की इथल्या जुन्या घराण्यांत ही परंपराच असते. ती बिचारी शेजारच्या डर्बी शहरातली. तिला वाटलं असेल, आपलं घराणं जुनं नाही.

तयारी म्हणून मी एक नवं यंत्र घेतलं. काडेपेटीएवढं, बुटाला अडकवायचं. आपण किती कललो, वजन कुठे आहे, हे ते मोजतं आणि फोनमधून एक बाई कडक इंग्रजीत सूचना देते. 'मागे झुकलात. गुडघे वाकवा.' वगैरे. टॉमला दाखवलं. तो म्हणाला, "हे मी तुला वर्षभर फुकट सांगतोय."

ख्रिसमसचा दिवस उजाडला. अनघा सकाळच्या ड्यूटीवर होती, ती परस्पर डोरीनबाईंकडे येणार होती. मी बारापासून कपडे चढवायला लागलो, कारण ते कडक बूट म्हणजे पायांना प्लास्टर घातल्यासारखं काम असतं. गादीची चड्डी, वरून पँट, मनगटांना पट्ट्या, हेल्मेट, त्यावर गॉगल. बुटाला यंत्र लावलं. खिशात फोन, काखेत बोर्ड. टक, टक, टक करत मी शेजारच्या दारात पोचलो आणि बेल वाजवली.

दार गॅरीने उघडलं. उंच, शांत माणूस, घरं विकायचा धंदा करतो. इथे ख्रिसमसला जेवणाआधी कागदी नळ्या फोडतात, त्यातून कागदी मुकुट निघतात. तसा एक हिरवा मुकुट त्याच्या डोक्यावर होता. त्याने मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि पुन्हा वर येत पाहिलं.

"तू कार्व्हिंगवाला शेजारी?"

"हो."

"सासूबाई म्हणाल्या होत्या, तू हे फार मनावर घेतोस." त्याने बाजूला होऊन मला वाट दिली. "ये. सगळे तुझीच वाट बघतायत."

मी आत निघालो. बोर्ड त्या अरुंद बोळात आडवा बसेना. उभा केला तर दिव्याला लागला. शेवटी गॅरीने एक टोक धरलं आणि सोफा आत न्यावा तसा आम्ही दोघांनी तो जेवणाच्या खोलीत नेला.

खोलीत लांब टेबल. भोवती लहान-मोठी सगळी माणसं मुकुट घालून बसलेली. टेबलाच्या टोकाला एक रिकामी खुर्ची. तिच्यावर घडी घातलेला निळा एप्रन. आणि समोर चांदीच्या ताटात एक अख्खी भाजलेली टर्की. उताणी, चकचकीत, पाय वर. शेजारी लांब सुरी आणि दोन दातांचा मोठा काटा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे ख्रिसमसच्या जेवणात घरातला कर्ता माणूस सगळ्यांसमोर उभा राहून त्या टर्कीचे पातळ पातळ काप करतो आणि एकेकाच्या ताटात वाढतो. तो मोठा मान असतो. आणि त्या काप करण्याला इंग्रजीत म्हणतात कार्व्हिंग.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर ठाऊक असतंच. फक्त त्या वर्षी माझ्या डोक्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. आणि आता कुंपणापलीकडचं एकेक वाक्य माझ्या मनात उलगडत गेलं. चिंध्या. ड्राय. नाजूक पोट. मी जन्मात अंड्याच्या पलीकडे गेलेलो नाही. ऑम्लेट उलटायचं झालं तर अनघाला हाक मारतो.

डोरीनबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या माझ्या हेल्मेटवर काही बोलल्या नाहीत. डोळे भरलेले होते. त्यांनी तो निळा एप्रन उचलला आणि माझ्या हातात दिला. "केनचा," एवढंच म्हणाल्या.

तुम्हीच सांगा, काय करणार होतो मी? सरळ सांगायला हवं होतं, मान्य. पण ती माणसं, तो एप्रन. मी बोर्ड भिंतीला टेकवला, एप्रन जॅकेटवरून बांधला आणि सुरी हातात घेतली. खोली शांत झाली. केनच्या वेळी व्हायची तशीच.

मी काटा टर्कीत रोवायला वाकलो. खिशातून कडक आवाज आला, "मागे झुकलात. गुडघे वाकवा."

एका नातीने आज्ञाधारकपणे खुर्चीत गुडघे आणखी वाकवले. बाकीचे टर्कीकडे बघायला लागले. आवाज तिच्यातून आला असं त्यांना वाटलं असावं. मी घाईने सुरी टेकवली, तर टर्की ताटावरून सुळकन निसटली आणि ग्रेव्हीच्या भांड्याला जाऊन भिडली.

"कड सुटली," खिशातली बाई म्हणाली.

तेवढ्यात दारात अनघा. हॉस्पिटलचा कोट अंगावर, हातात मिठाईचा डबा. तिने आधी बोर्ड पाहिला, मग टर्की, मग हेल्मेट घालून सुरी रोखलेला नवरा.

"काय चाललंय हे?" तिने मराठीत विचारलं.

"कार्व्हिंग," मी म्हणालो.

तिला कळायला फार वेळ लागला नाही. सर्जन आहे ती. "शिरीष," ती हळूच म्हणाली, "सांग त्यांना."

मग मी सुरी खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. मला हे येत नाही. मी बर्फावरचं कार्व्हिंग शिकतोय. कुंपणापलीकडून माझा गैरसमज झाला. मला वाटलं, तुम्ही डोंगर बुक केलाय. मी मांस खात नाही. माफ करा.

डोरीनबाईंचा चेहरा पडला होता आणि तो माझ्याने बघवेना. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे तुझ्या आईला जे ठाऊक नाही, ते हे?" त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

"हो."

"आणि तुला बसता येत नव्हतं, ते..."

"पडल्यामुळे."

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. आधी मला वाटलं रडतायत. मग खांदे हलताना दिसले. त्या हसल्या म्हटल्यावर टेबलच्या टेबल हसत सुटलं. गॅरी तर भिंतीला धरून उभा होता.

"पण टर्की?" डोरीनबाईंची मुलगी डोळे पुसत म्हणाली. "थंड होतेय ती."

सगळ्यांनी गॅरीकडे पाहिलं. गॅरीने छताकडे पाहिलं.

अनघाने कोट काढला. स्वयंपाकघरात जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनआधी धुतात तसे. परत येऊन म्हणाली, "चालणार असेल तर मी बघते. खात नाही मी, पण सांधा कुठे असतो ते मला कळतं."

डोरीनबाईंनी माझ्या अंगावरचा एप्रन सोडवून स्वतः तिच्या कमरेला बांधला. अनघाने दोन बोटांनी टर्कीची मांडी चाचपली, अर्धं मिनिट विचार केला आणि सुरी टेकवली. मांडी अलगद सुटून आली. मग छातीचे काप, एकामागून एक, पत्त्यांसारखे. कुणी बोलत नव्हतं.

"केनसुद्धा आधी असाच चाचपायचा," डोरीनबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण बूट इतके आवळले होते की कशामुळे ते सांगता येत नाही.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण जेवताना गॅरी सारखा माझ्या बोर्डाकडे बघत होता.

"एवढा कडक बोर्ड वापरतोस?" त्याने विचारलं. "मग चांगलाच चालवत असशील."

मी काय म्हणायला हवं होतं? 'अजून शिकतोय.' मी म्हणालो, "बरा चालवतो." एका चुकीवर त्या दिवशी माझं भागलं नव्हतं. नातवंडांनी लगेच कल्ला केला, आम्हाला बघायचंय. ठरलं. गोदाम उघडलं की सगळ्यांनी जायचं.

नाताळच्या सुटीतच आम्ही गेलो. डोरीनबाई आणि अनघा वर कॅफेत काचेजवळ चहा घेऊन बसल्या, तिथून सगळा उतार दिसतो. मी पूर्ण पोशाखात. गॅरीने भाड्याचा, ओरखडे पडलेला बोर्ड घेतला आणि अंगावर जुना स्वेटर.

"तुला दाखवू का जरा?" मी त्याला विचारलं. हो, विचारलं मी असं.

"मी येतो तुझ्या मागून," तो म्हणाला.

मी निघालो. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला बोर्ड मला न विचारता सरळ निघाला. मला अजून थांबता येत नव्हतं, हे मघाशी सांगितलंच. मी कडेच्या जाळीत जाऊन अडकलो, कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकावी तसा, आणि तिथून उलटं लटकल्या लटकल्या मला गॅरी येताना दिसला. त्या भाड्याच्या बोर्डावर तो एका बाजूला इतका कलला, की त्याचा हात बर्फावरून सहज फिरत गेला. मग दुसऱ्या बाजूला. मागे एक बारीक, स्वच्छ, न तुटलेली रेघ. टॉम शिकवणं थांबवून बघत उभा राहिला.

"तरुणपणी तीन हिवाळे आल्प्समध्ये शिकवत होतो," गॅरी मला सोडवताना ओशाळून म्हणाला. "तू विचारलं नाहीस."

वर कॅफेत गेलो. डोरीनबाईंनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे खूप मायेने पाहिलं.

"म्हणजे तुला हेसुद्धा येत नाही," त्या म्हणाल्या.

अनघा खिडकीबाहेर बघायला लागली.

"मनाला लावून घेऊ नकोस," बाईंनी माझा हात थोपटला. "पुढच्या ख्रिसमसला ये. तू बटाटे सोल."

तो ख्रिसमसही होऊन गेला. टर्की अनघाने कापली, तिची ती जागा आता कायमची आहे. मी सकाळपासून बसून बटाटे सोलले. गॅरी म्हणाला, चांगले सोललेस, फक्त सालीबरोबर बटाटा जरा जास्त जातोय.